खात्यात, खात्यावर, खात्याला

‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणणारा माणूस सुखी असतो. ‘माझ्याकडे तुमचे पैसे आहेत’ म्हणण्याची वेळ आलेला माणूस समोरून ओळखीचं कुणी येताना दिसलं की गल्ली बदलतो. दोन्ही वाक्यांत पैसे तेच, ‘माझ्याकडे’ तेच. मध्ये फक्त एक ‘तुमचे’ घुसला आणि धनवानाचा ऋणको झाला. त्यातही गंमत अशी, की ज्याच्याकडे ‘तुमचे पैसे’ असतात त्याच्याकडे सहसा पैसे नसतातच. असते तर हे वाक्य उच्चारायची पाळी कुणावर आली नसती.

पैशाचे व्यवहार क्रियापदांवर चालतात असा आपला भाबडा समज आहे. देणं, घेणं, ठेवणं, काढणं, भरणं. ही क्रियापदं म्हणजे नुसते हमाल. कुठला बोजा कुणाच्या दारात टाकायचा हे ठरवतात ते ‘ला’, ‘त’, ‘वर’, ‘कडे’, ‘चा’, ‘ने’. शाळेत प्रथमेपासून संबोधनापर्यंत विभक्ती घोकून घेणाऱ्या गुरुजींनी हे कधी सांगितलं नाही. ‘चतुर्थी चुकलीस तर एक मार्क जाईल’ म्हणायचे. एका मार्कावर भागलं असतं तर काय हवं होतं!

उदाहरणार्थ, ‘भरणं’. ‘बँकेत पैसे भरले’ म्हणजे गृहस्थ दोन पैसे राखून आहे. ‘बँकेला पैसे भरले’ म्हणजे त्याने फ्लॅट घेतलाय. ‘बँकेचे पैसे भरले’ म्हणजे फ्लॅट घेतलाय आणि मागचे दोन हप्ते थकले होते. ‘बँकेने पैसे भरले’ हे वाक्य व्याकरणात पूर्ण शुद्ध आहे, पण अजून कुणा मराठी माणसाच्या तोंडून ते माझ्या कानावर आलेलं नाही.

‘बँकेतले पैसे’ आपले आणि ‘बँकेचे पैसे’ बँकेचे, एवढा फरक तर घरातलं शेंडेफळही जाणतं. कायद्याला मात्र तो मान्य नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात निकाल दिला, की बँकेत ठेवलेला पैसा ठेवणाऱ्याचा उरतच नाही. तो बँकेचा होतो. ती त्याचं वाटेल ते करू शकते. तिच्यावर राहतं ते फक्त तेवढी रक्कम परत करण्याचं देणं. आपल्याकडचा बँकव्यवहारही त्याच पायावर उभा आहे. म्हणजे ‘माझे पैसे बँकेत आहेत’ हे आपलं सर्वांत लाडकं वाक्य कायद्याच्या दृष्टीने साफ चूक. बरोबर वाक्य: ‘माझं बँकेकडे येणं आहे.’ सावकार आपण, ऋणको बँक! आता असा सावकार जगात कुठे पाहिला आहे का, जो स्वतःचं येणं मागायला टोकन घेऊन बाकावर बसतो, पेन दोऱ्याला बांधलेलं आहे म्हणून वाकून सही करतो, आणि सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून ऋणकोकडून बोलणी खातो?

ऋणको बुडाला तर सरकारी ठेव विम्यातून पैसे मिळतात. किती? ५ लाख रुपयांपर्यंत. फेब्रुवारी २०२० च्या आधी १ लाखापर्यंतच होते. यातला ‘५ लाख’ जाहिरातीत ठळक असतो आणि ‘पर्यंत’ बारीक. ज्याची ठेव सहा लाखांची आहे त्याने मात्र शब्दयोगी अव्ययाचा धडा पुन्हा एकदा काढून वाचावा. बाकी ‘पैसे बँकेत आहेत’चं ‘पैसे बँकेत अडकलेत’ व्हायला प्रत्यय बदलावाच लागत नाही, तोच ‘त’ पुरतो. सप्तमीला लोक आधार दाखवणारी विभक्ती का म्हणतात, ते अशा वेळी कळेनासं होतं.

आता ‘वर’ घ्या. किराणा दुकानात ‘खात्यावर लिहा’ म्हटलं की कर्ज झालं. बँकेत ‘खात्यावर टाका’ म्हटलं की धन झालं. शब्द एकच, रस्ता ओलांडला की अर्थ उलटा. त्यामुळे वाण्याचं खातं वाढलेलं पाहून कुणाला आनंद होत नाही आणि बँकेचं खातं वाढलेलं कुणी वाण्याला दाखवत नाही. दोन्ही खाती सांभाळून असलेली आमच्या चाळीतली पिढी या बाबतीत इतकी तयार होती, की नुसत्या स्वरावरून कुठलं खातं चाललंय ते ओळखायची. ‘खात्यावर’ हा शब्द दबक्या आवाजात आला की वाणी, आणि मान वर करून आला की बँक.

बँकेच्या कागदांवर ‘खात्यात’, लोकांच्या बोलण्यात ‘खात्यावर’, जुन्या कारकुनी मराठीत ‘खाती’ आणि अलीकडे मोबाइलवरच्या संदेशांत ‘खात्यामध्ये’. (‘खाती जमा’ हा प्रयोग मला मनापासून आवडतो. ‘घरी’, ‘दारी’, ‘खाती’. पैसा माहेरी आल्यासारखा वाटतो. पण नव्या पोरांना ‘खाती’ म्हटलं की कोण आणि काय खाती असा प्रश्न पडतो, आणि काही बँकांचे दंड पाहता तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही.) माझं मत विचाराल तर लोकांचा ‘वर’च खरा, कारण त्याला जोडून येणारं क्रियापद ‘पडणं’ आहे. ‘पगार पडला का?’ ‘खात्यावर पडला.’ पगार आपण कमावतो, मिळवतो, घेतो असं कुणी म्हणत नाही. तो पावसासारखा वरून पडतो, आणि पावसासारखाच कुठे मुरतो ते कळत नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये सुरू झाले तेव्हा गावोगावच्या बँकांत दुसरा विषय नव्हता.

‘साहेब, बघा ना, खात्यावर पडले का?’

‘आलेत खात्यात, मावशी.’

‘खात्यात आलेत ते कळलं. खात्यावर पडलेत का ते सांगा.’

साहेबांना यातला फरक कळला नाही. मावशींना पक्का ठाऊक होता. खात्यात आलेले पैसे किमान शिल्लक, दंड आणि जुना हप्ता यांच्या तावडीत सापडतात. खात्यावर पडलेले वरच्यावर उचलता येतात.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे ‘नावे’. मराठी जमाखर्चातली सगळी दहशत या एका शब्दात आहे. दुकानदार म्हणतो, ‘दोनशे तुमच्या नावे टाकले.’ तुम्ही दोनशेने गरीब. आजोबा म्हणतात, ‘विहिरीकडचं शेत तुझ्या नावे केलं.’ तुम्ही दोन एकरांनी श्रीमंत, आणि चुलतभावांशी बोलणं बंद. ‘नावावर’ आणखी निराळं: फ्लॅट बायकोच्या नावावर, हप्ते नवऱ्याच्या नावावर, आणि वास्तुशांतीचं श्रेय सासूबाईंच्या नावावर. ‘नावाने’ दोनच गोष्टी होतात. माणूस भला असेल तर त्याच्या नावाने पाणपोई, नाहीतर त्याच्या नावाने खडे. ‘नावाला’ म्हणजे महिन्याच्या पंचवीस तारखेला खात्यात जी असते ती शिल्लक. आणि ‘नामे’ आलं की समजावं प्रकरण पोलिसांच्या पंचनाम्यात पोचलं, तिथे माणूस माणूस राहत नाही, ‘इसम नामे’ होतो.

नॉमिनीची भानगड तर निव्वळ प्रत्ययाची आहे. खातेदार गेला की पैसे नॉमिनीकडे जातात. नॉमिनीचे होत नाहीत. त्याने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात, नॉमिनी स्वतः वारस असेल तेव्हा त्यातला त्याचा वाटा त्याचा. ‘कडे’ आणि ‘चे’ यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढ्यात महाराष्ट्रातली निम्मी भावंडं कोर्टात उभी असतील. तरी वडील फॉर्म भरताना तो रकाना असा भरतात, जसा काही शाळेच्या सहलीचा फॉर्म आहे.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एकदा खजिनदारांनी हिशेब वाचून दाखवायचं धाडस केलं. एरवी ते ताळेबंदाच्या झेरॉक्स वाटतात आणि चहा मागवतात. त्या दिवशी चहावाला उशिरा आला, त्याचा हा परिणाम.

‘बँक खाते नावे, दोन लाख दहा हजार.’

तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. ‘म्हणजे बँकेचं आपण दोन लाख देणं लागतो?’

‘नाही हो काका. बँक आपलं देणं लागते. शिल्लक आहे आपली.’

‘मग जमा म्हणा ना!’

‘पासबुकात जमाच आहे.’

‘पासबुकात जमा आहे आणि तुमच्या वहीत नावे?’ काकांचा आवाज खाली आला. तो खाली आला की सभा शांत होते. ‘कुणाच्या नावे केलेत पैसे तुम्ही?’

पुढचा पाऊण तास खजिनदार समजावत होते. म्हणत होते, की पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. बँकेच्या वहीत आपण तिला पैसे दिलेले, म्हणून तिथे आपण जमा. आपल्या वहीत बँकेने आपल्याकडून पैसे घेतलेले, म्हणून इथे बँक नावे. देणारा जमा, घेणारा नावे. सगळं बरोबर होतं, अकरावीच्या पुस्तकात असंच आहे. पण ‘नावे’ या शब्दाने व्हायचं ते नुकसान करून ठेवलं होतं. ठराव झाला तो असा, की पुढच्या वर्षीपासून खजिनदारांनी हिशेब वाचू नयेत.

यात काकांचाही सगळा दोष नाही. आपल्या जुन्या कीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. कीर्द लिहिणाऱ्या आजोबांचा नातू कॉमर्सला गेला, की घरात एकाच वेळी दोन दिशांनी वाचायचे हिशेब नांदतात, आणि दोघांनाही दुसरा उलटा वाटतो.

त्यात इंग्रजांनी आणखी दोन अव्ययं सोडून ठेवली आहेत: ‘टू’ आणि ‘बाय’. रोजकीर्दीच्या नोंदीत आधी ‘रोख खाते नावे’, मग खालच्या ओळीत ‘टू विक्री खाते’. हा ‘टू’ कुणाला लागतो? तर जे खातं जमा होतं त्याला. त्या ‘टू’चं मराठी करायला गेलं की ‘ला’ येतो, आणि ज्याने दिलं त्यालाच ‘ला’ लागतो. गुरुजींनी जन्मभर शिकवलेलं, की ‘ला’ घेणाऱ्याला. पुढे हीच नोंद खतावणीत नेली, की तो ‘टू’ टुणकन उडी मारून नावे बाजूला, डावीकडे जाऊन बसतो. उजव्या बाजूला बसतो ‘बाय’. का? तर तिथे समोरच्या खात्याचं नाव लिहायचं असतं म्हणून. मुलं हे पाठ करतात. समजून घेणाऱ्यांना सीएच्या क्लासला पाठवतात.

मग मुलगा शिकून नोकरीला लागतो, ऑफिसात टॅली उघडतो, आणि तिथे ‘बाय’ म्हणजे नावे, ‘टू’ म्हणजे जमा! तीन वर्षं डावीकडे टू, उजवीकडे बाय असं घोकलेल्या पोराचा पहिला दिवस यातच जातो. सीनियर सांगतो, ‘तू डोकं लावू नकोस, आधी बाय, मग टू.’ पोराला वाटतं, सॉफ्टवेअरवाल्यांनी उलटं केलं.

उलटं केलेलं नाही. उलट, टॅली इथे पाचशे वर्षं मागे जाऊन उभी आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने गणितावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुनोंदी पद्धत त्याने लिहून ठेवली. शोध त्याचा नव्हे, व्यापारी आधीपासून तसेच लिहीत होते, पण छापून नाव झालं ते पाचोलीचं. (हिशेबाच्या क्षेत्रातही श्रेय ज्याच्या नावे पडतं त्याचंच, हा त्यातला पहिला धडा.) त्याने सांगितलं, की रोजकीर्दीत दोन शब्द वापरावेत, ‘पेर’ आणि ‘आ’. ‘पेर’ ज्याच्याआधी येईल तो देणेकरी, ‘आ’ ज्याच्याआधी येईल तो धनको. मध्ये दोन तिरप्या रेघा. इटालियनमधलं ‘पेर’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘बाय’च्या जातीचं अव्यय, ‘आ’ म्हणजे ‘टू’. चिंचवडच्या एखाद्या गाळ्यात बसून पंचवीस वर्षांची मुलगी व्हाउचरला ‘बाय कॅश, टू सेल्स’ टाकते, तेव्हा ती व्हेनिसच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचंच व्याकरण वापरत असते. हाच पाचोली पुढे मिलानला लिओनार्दो दा विंचीला गणित शिकवत होता. लिओनार्दोने ‘मोनालिसा’ काढली, त्याच्या गुरुजींनी टू आणि बाय. रोज जास्त माणसं कुणाकडे पाहून गोंधळात पडतात, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या सराफांना अव्ययाची ही कटकट परवडणारी नव्हती. त्यांनी ती हुंडीच्या नावातच बसवून टाकली. ‘धनीजोग’ हुंडी धन्याला द्यायची. ‘नामजोग’ ज्याचं नाव लिहिलंय त्यालाच. ‘शाहजोग’ बाजारात पत असलेल्या शाहूलाच, उद्या कुणी भामटा घेऊन आला तर नाही. ‘जोग’ म्हणजे ‘यांना’ असं धरा. हुंडी कुणाला द्यायची हा प्रश्न हुंडी हातात येण्याआधीच सुटलेला. आजच्या धनादेशावर ‘या धारक को’ छापलेलं असतं आणि ते खोडायचं की नाही यावर माणसं काउंटरवर पेन उघडं धरून उभी असतात.

सरकारी पैसा मात्र कुणाच्या ‘वर’ही नसतो आणि कुणा‘कडे’ही नसतो. तो कायम ‘खाली’ असतो. खर्चाचा कुठलाही शासन निर्णय काढा, शेवटाकडे सदर खर्च अमुक लेखाशीर्षाखाली खर्ची टाकण्यात यावा आणि तो मंजूर अनुदानातून भागविण्यात यावा, हे असतंच. टाकायचा खाली, भागवायचा आतून. या वाक्यात पैसे कोण देतो, कुणाला देतो, कधी देतो यातलं काहीही कळत नाही, आणि ठेकेदारांना विचारलं तर ते म्हणतील, वाक्य अगदी अचूक आहे. उलट शेतकऱ्याचं सगळं ‘वर’. पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढतो. चढतो, हे क्रियापद बघा. कर्ज फेडलं की तो आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे जायचं, फेरफार व्हायचा, मग तो उतरतो. घोड्यावर बसलेला नवरदेवही इतक्या सावकाश उतरत नाही.

नोटा हाताळायच्या त्या काळात निदान हातांना तरी प्रत्यय लागायचे. ‘हाती पैसा’ असलेला माणूस वेगळा, ‘हातात पैसा’ असलेला वेगळा. पहिल्याची ती स्थिती, दुसऱ्याची ती एक तारीख. ‘हातावर पैसे’ म्हणजे लग्नघरातून निघताना आत्याने ठेवलेले. ‘हाताखालून पैसा’ फक्त कॅशियरच्या जातो, रोज लाखो, आणि त्यातला एकही त्याच्या हाती राहत नाही. आता फोन आला आणि हात गेले. २०१६ साली यूपीआय आल्यापासून रस्त्यावरच्या मराठीने नवी व्याकरणपुस्तिका काढली आहे. ‘तुला मारतो’ म्हणजे पैसे पाठवतो. ‘नंबरवर टाक’, ‘स्कॅनरवर मार’, ‘फोनपेला कर’. भाजीवालीच्या गाडीवरचा डबा कुठल्याशा अॅप‘वर’ पन्नास रुपये प्राप्त झाल्याचं ओरडून सांगतो. कुणाला प्राप्त झाले ते तो सांगत नाही. भाजीवालीला त्याची गरज नाही, पण शेजारच्या कांदेवाल्याचा डबाही त्याच आवाजात ओरडतो, आणि दोघांची गिऱ्हाइकं एकदमच निघून जातात.

‘ला’ आणि ‘कडून’ यांतला गोंधळ सर्वांत चोख ओळखला तो भामट्यांनी. ‘बँकेतून बोलतोय’ असं सांगणारा हा प्राणी कधी गिऱ्हाईक होऊनही येतो. तुम्ही जुना सोफा विकायला काढता, तो म्हणतो, ‘सर, तुम्हाला पाच हजार पाठवतो, फक्त घेण्यासाठी पिन टाका.’ फोनवर आलेली असते मागणी, तुमच्या‘कडून’ पैसे घेण्याची. तुम्ही ती तुम्हा‘ला’ आलेली रक्कम समजता. पाच हजार जातात, सोफा राहतो. माणसामाणसांतली ही ‘मागणी’ची सोय शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करून टाकली. चतुर्थी आणि पंचमी यांच्यातला घोळ निस्तरायला देशपातळीवर आदेश काढावा लागला, असं उदाहरण व्याकरणाच्या इतिहासात दुसरं नसावं.

आदेश निघाला तरी भामटे नवी वाक्यं शोधतीलच, त्यांचं मराठी आपल्यापेक्षा बरं असतं. तेव्हा वाचकहो, व्याकरण राहू द्या. ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.